बिनसहीचं संपादकीय

"पूर्वी हा म्हातारा चावायचा," अठरा नंबरच्या बसमध्ये वसुधाच्या पुढच्याच सीटवरचा टोपीवाला गृहस्थ स्पॅनिशमध्ये कुरकुरत होता, "हल्ली नुसती माया करतो. हे वाच, हे. म्हणे, सैन्यभरतीवाला दारात आला तर पोराला आधी पोटभर जेवू घाला, सही करायची का ते मग विचारा. हे संपादकीय आहे की कुणाची आई बोलतेय?" शेजारची बाई बहुधा त्याची बायको असावी. मांडीवरच्या पिशवीतल्या कोथिंबिरीच्या जुड्या सारख्या करत ती म्हणाली, "बरोबरच आहे की. उपाशीपोटी माणूस कशावरही सही करतो. तू नाही का माझ्याशी लग्न केलंस." "थट्टा नको. धार गेली त्याची," तो म्हणाला आणि अंकाची सुरळी करून खिडकीतल्या माशीवर उगारली.

वसुधाला एकदम पुढे वाकून माफी मागावीशी वाटली. मागच्या सीटवरच्या, सुती साडीच्या कापडाच्या कुर्त्यातल्या पन्नाशीच्या बाईला स्पॅनिश कळत असेल असं त्या दोघांच्या मनातही येणार नव्हतं. आणि कळत असलं तरी ते जेवू घालण्याचं वाक्य तिचंच आहे, हे तर देवालासुद्धा सांगून पटलं नसतं. दोन वर्षं तिला वाटत होतं की शिवण दिसत नाहीये. उसवलेल्या जागी आतून टाका घालावा तसं ती करत आली होती, आणि इथे अठराव्या रस्त्यावरच्या एका कोथिंबीरवालीच्या नवऱ्यानं बोट नेमकं त्या टाक्यावर ठेवलं होतं. कुणाची आई. घरात आई म्हणून तिचं कुणी ऐकत नव्हतं ते वेगळंच. तिला घाम फुटला. २००७चा ऑगस्ट संपत आला होता, शिकागोतली दमट दुपार होती, बसचा एसी नावालाच. पण हा घाम त्यातला नव्हता. पर्समध्ये घडी घातलेले दोन कागद होते आणि पर्स तिनं पोटाशी धरली होती.

'कुआदेर्नो' म्हणजे वही. नाव साधं, अंक साधा, बत्तीस पानांचा, दर महिन्याला निघणारा, मेक्सिकन वस्तीतल्या एका बंद पडलेल्या बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांतून. वरच्या खोल्यांना अजून पावाचा वास यायचा, निदान तिथे काम करणारी ओफेलिया तसं म्हणायची. संपादक डॉन एलिसेओंनी तो सव्वीस वर्षांपूर्वी सुरू केला. महाराष्ट्र मंडळातल्या सुलभानं हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डेव्हन या देशी दुकानांच्या रस्त्यावरच्या मिठाईच्या दुकानात सगळ्यांसमोर विचारलं होतं, "डॉन? वसू, तू गँगमध्ये काम करतेस?" आपल्याकडे नावापुढे राव लावतात तसं ते, हे वसुधानं समजावलं. "आणि काय छापतात?" "राजकारण. मतं." "मेक्सिकोची?" "डॉन एलिसेओ चिलीचे आहेत." "तेच गं, एकच," सुलभा म्हणाली आणि पेढे कालचे तर नाहीत ना ते बोटानं दाबून बघू लागली. वसुधाला तेव्हा सांगता आलं नव्हतं की ते एकच नाही. त्या बत्तीस पानांचा एकच हेका होता: ज्याच्या हातात बंदूक त्याच्या विरुद्ध, आणि बंदूकवाला आपल्या बाजूचा निघाला तर दुप्पट विरुद्ध. वॉशिंग्टनवर लिहिलं की एक गट खूश व्हायचा; मग क्यूबात, हवानात लेखकांना तुरुंगात टाकलं त्यावर लिहिलं की तोच गट अंक घेणं बंद करायचा. इराकवर लिहिलं तेव्हा चर्चमधून अंकाचे गठ्ठे परत आले, कारण वस्तीतल्या दर चौथ्या घरातलं पोर तिकडे गेलेलं. डॉन एलिसेओ परत आलेले गठ्ठे पायाखाली घेऊन बसायचे. "स्टूल चांगलं झालं," म्हणायचे.

या जागी ती आली कशी, याचं खरं उत्तर तिनं कुणाला दिलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं ते असं की नागपुरात डीटीपी करायची, पेजमेकर येत होतं, ओळख निघाली. डीटीपीचं खरंच होतं. धरमपेठेतल्या एका प्रेसमध्ये तिनं लग्नाआधी आणि नंतरही कुंडल्यांपासून प्रबंधांपर्यंत सगळी पानं लावली होती, न कळणारी संस्कृत स्तोत्रंही. मजकूर कळला नाही तरी पान लावता येतं, उलट जास्त सरळ लागतं. पण स्पॅनिश कुठून आलं? ते आलं २००१च्या ऑक्टोबरात, ती राहते त्या नेपरव्हिल उपनगराच्या लायब्ररीत. तिचा नवरा पुरुषोत्तम रोज सातदहाच्या ट्रेननं टाय लावून, डबा घेऊन शिकागोला ऑफिसला जात होता; आणि एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता तो तिला लायब्ररीच्या कोपऱ्यात दिसला. समोर मोठा ॲटलस उघडा. वाचत नव्हता. पान उलटत नव्हता. टाय तसाच, गाठ घट्ट. डब्याची पिशवी पायाशी, शाळेत नव्यानं आलेल्या मुलासारखी दोन्ही पावलांच्या मध्ये धरलेली. ती दोन कपाटांच्या मध्ये मागे सरकली, आणि कुणी बघितलंच तर हातात काहीतरी असावं म्हणून समोरचा कॅसेटचा डबा उचलला. तीस दिवसांत स्पॅनिश. संध्याकाळी तो घरी आला. "कसा होता दिवस?" "बिझी," तो म्हणाला, "मीटिंगवर मीटिंग यार." तिनं पोळी वाढली. चार महिने ती असं विचारत राहिली आणि तो असं सांगत राहिला. फेब्रुवारीत म्हणाला, "कंपनी स्विच करतोय." तिनं शिरा केला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिची आई म्हणायची. त्या मुठीत हात किती घामेजतो हे मात्र आईनं सांगितलं नव्हतं. सहा वर्षं झाली. अजूनही तो उशिरा आला की ती विचारते, कसा होता दिवस, आणि दोघंही क्षणभर एकमेकांच्या खांद्यापलीकडे बघतात. चार महिन्यांत तिच्या कॅसेट्स मात्र पाठ झाल्या. लायब्ररीच्या फळ्यावर 'पान लावणारी व्यक्ती हवी' अशी चिठ्ठी दिसली, ती स्पॅनिशमध्ये होती आणि तिला कळली, याचंच तिला इतकं नवल वाटलं की ती फोन करून बसली.

डॉन एलिसेओ तिला 'बासुदा' म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी तिला एकच नियम सांगितला. संपादकीयाखाली सही नसते, त्यात 'आम्ही' असतं. आणि आम्ही म्हणायचं तर आम्ही हजर पाहिजे. म्हणून छपाईला जाण्याआधीच्या गुरुवारी दुपारी सगळे टेबलाभोवती बसायचे, जिनं पान लावलं तिनं संपादकीय मोठ्यानं वाचायचं, आणि ज्याला ते मान्य असेल त्यानं टेबलावर बोटाच्या पेरानं एकदा ठोकायचं. एकानं जरी ठोकलं नाही तरी ते छापायचं नाही. ओफेलियानं एक्क्याण्णव साली एकदा ठोकलं नव्हतं, तेव्हा ते पान कोरं गेलं होतं. तो अंक भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला होता. "आमचं सगळ्यात चांगलं संपादकीय," डॉन एलिसेओ पाहुण्यांना दाखवायचे. चौघंच होते. ते, ओफेलिया, अंक वाटणारा मार्सेलिनो आणि ही. पहिल्यांदा ठोकताना वसुधाचं पेर दुखलं होतं. आपलं मत कुणीतरी मोजतंय या गोष्टीची हाताला सवयच नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात त्यांच्या हस्तलिखितात एकच परिच्छेद दोनदा आला. तिनं एक काढला. पुढच्या महिन्यात मागच्या अंकातलाच परिच्छेद आला. तोही काढला, आणि भोक दिसू नये म्हणून दोन ओळी घातल्या. मग वाक्यं घरातून निघून परत न येणाऱ्या माणसासारखी अर्ध्यातच कुठेतरी जायला लागली, आणि ती त्यांना हाताला धरून पूर्णविरामापर्यंत आणायला लागली. गेल्या हिवाळ्यापासून तर पहिली ओळ त्यांची, शेवटची त्यांची, मधलं सगळं तिचं. गुरुवारी ते मान किंचित कलती करून ऐकायचे आणि चेहऱ्यावर अशी प्रसन्नता यायची, जशी स्वतःच्या लहानपणीचा फोटो अनपेक्षित सापडल्यावर येते. "जमलंय, नाही?" ठोकायचे. मार्सेलिनो छताकडे बघत ठोकायचा. ओफेलिया ठोकायची. कुणी एक अक्षर बोललं नाही. पण वर्तमानपत्रांची कात्रणं, जी ओफेलिया पंचवीस वर्षं त्यांच्या टेबलावर ठेवत आली होती, ती एका सोमवारपासून वसुधाच्या टेबलावर यायला लागली. बस. तेवढंच. वसुधानं ती उचलली, आणि त्या उचलण्यात तिनं काहीतरी कबूल केलं. एकच गोष्ट सांभाळायची होती: ते संपादक आहेत हे त्यांच्या मनातून जाता कामा नये. तेवढं राहिलं तर माणूस राहील. बाकी लोकांना धार कमी वाटली तर वाटो.

आणि या सोमवारी त्यांनी सप्टेंबरच्या अंकाचे दोन कागद दिले. सप्टेंबरचं संपादकीय नेहमी अकरा तारखेवर असायचं. इथल्यांना एकच अकरा तारीख माहीत, विमानं आणि मनोरे, 'कुआदेर्नो'ला दोन. त्र्याहत्तरच्या अकरा तारखेलाही मंगळवारच होता, आणि तेव्हाही सकाळी आकाशातून विमानं आली होती, चिलीच्या स्वतःच्याच सैन्याची, सान्तियागोतल्या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर. दरवर्षी ते दोन मंगळवार शेजारी ठेवून लिहायचे, न रडता, आणि शेवटी वाचकाला विचारायचे: कुणाच्या मेलेल्यांसाठी तुम्ही टोपी काढता? या वेळचे कागद वसुधानं मशीनशी बसून उघडले. अक्षर कधी नव्हे इतकं सुरेख होतं. 'अन्सेल्मो, उद्या शाळेत जाऊ नकोस. ते पहाटेच बंदरात उतरतील. माझा तास बुडाला तर बुडू दे, भूगोलावाचून कुणाचं अडत नाही. ओफेलियाला घेऊन मामाकडे जा. मागच्या दारानं जा. कोट घे.' दुसऱ्या कागदावर हेच, पुन्हा, फक्त 'कोट घे' तीनदा.

अन्सेल्मो त्यांचा धाकटा भाऊ. दोघंही चिलीतल्या वाल्पाराइसो या बंदराच्या गावी एकाच शाळेत शिकवायचे. त्या सकाळी डॉन एलिसेओंना ताप होता, म्हणून त्यांचा भूगोलाचा तास घ्यायला अन्सेल्मो गेला, आणि वर्गातून त्याला नेलं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. हे वसुधाला त्यांनी नाही सांगितलं. लिफाफ्यांवर तिकिटं चिकटवता चिकटवता ओफेलियानं सांगितलं, जिभेवर तिकीट ठेवण्याच्या मधल्या वेळात, दोन दोन शब्दांनी. ओफेलिया अन्सेल्मोची बायको. चौतीस वर्षं. दवाखान्यातल्या फॉर्मवर अजून 'विवाहित' या रकान्यात खूण करणारी. एकदा वसुधानं तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेपरव्हिलला आणलं होतं, बर्फात, ट्रेननं. ती तिळगूळ तोंडात ठेवून 'हे आमच्याकडेही असतं' असं धडधडीत खोटं बोलली आणि सगळ्यांना आवडली. सुलभानं करंडा हातात धरून वसुधाला बाजूला घेतलं. "लावू ना गं? मिस्टर आहेत ना यांचे?" "आहेत," वसुधा म्हणाली. सुलभानं कुंकू लावलं. ओफेलियानं कपाळ पुढे केलं ते कुठलंही कपाळ पुढे होतं तसं, पण डोळे मिटून, आणि परतीच्या ट्रेनमध्ये ते तिनं पुसलं नाही.

'आहेत' म्हणणं वसुधा इथेच शिकली होती. पहिल्या वर्षी नाहीशा झालेल्या माणसांच्या यादीवर तिनं 'मृत' असा मथळा लावला होता, कारण कॉलमच्या रुंदीत 'बेपत्ता'चा स्पॅनिश शब्द मावत नव्हता. पान लावणाऱ्याची चूक, शुद्ध रुंदीची. डॉन एलिसेओ तिच्यावर तेवढे एकदाच ओरडले. मेले म्हटलं की फाइल बंद होते, ते म्हणाले. ज्यांनी नेलं त्यांनी आणून द्यावं किंवा कुठे पुरलं ते दाखवावं. तोवर ते मेलेले नाहीत, तोवर त्यांना सुटका नाही. त्यांना म्हणजे नेणाऱ्यांना. सव्वीस वर्षांत 'कुआदेर्नो'नं त्या यादीतल्या एकाही माणसाला मेलेला म्हटलं नव्हतं. ओफेलिया तेव्हा दारात उभी होती, हातात कॉफीचा कप. ती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून वसुधाला कळलं नव्हतं की तिला हे मान्य आहे की ती फक्त तिथे उभी आहे.

तीन दिवस वसुधा स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्यानं लिहीत होती. "काय लिहितेस एवढं?" पुरुषोत्तमनं काल विचारलं. "यादी. मंडळाच्या गणपतीची." "एवढी?" "माणसं वाढलीत." तो बरं म्हणाला आणि गेला. ती दोन मंगळवारांचं लिहीत होती, त्यांच्या जुन्या अंकांतल्या चालीवर, जास्तीत जास्त चावरं. पण वाक्यं फिरून फिरून एका कोटापाशी येत होती आणि ती खोडत होती. एक शहाणा, तर्कशुद्ध, कुणालाही न दुखवता सगळ्यांना दुखवणारा मजकूर तिनं तयार केला. पहिली आणि शेवटची ओळसुद्धा आता तिचीच.

अठराव्या रस्त्यावर ती उतरली तेव्हा टोपीवाला गृहस्थ अजून बसमध्येच होता.

वर तिघं टेबलाशी बसलेच होते. पंखा डोकं हलवत एकेकाकडे बघत होता. "आली आमची आवाजवाली," डॉन एलिसेओ म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. गुरुवारी ते लग्नाला निघाल्यासारखे यायचे. "बासुदा, पाणी पी आधी. मार्सेलिनो, तिला खुर्ची." "तिथे खुर्ची आहे, डॉन एलिसेओ." "मग दुसरी दे. पाहुण्याला दोन द्याव्यात." मार्सेलिनो हसला, ओफेलिया हसली नाही.

वसुधानं वाचलं. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, नागपूरच्या उन्हात वाळवलेलं स्पॅनिश, आणि त्यामागे बसमधला तो माणूस: कुणाची आई बोलतेय? या वेळी आई नव्हती. या वेळी दात होते. शेवटचा प्रश्न वाचून तिनं कागद खाली ठेवला. मार्सेलिनोनं छताकडे बघत ठोकलं. ओफेलियानं ठोकलं. वसुधानं ठोकलं.

डॉन एलिसेओंचा हात टेबलावर उपडा पडला होता आणि ते त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत होते. "छान आहे," ते म्हणाले. "फार छान. कुणाचं आहे?"

"तुमचंच," वसुधा म्हणाली. जीभ आपोआप वळली, पोळी उलटावी तशी.

"नाही, पोरी. मी भावाला चिठ्ठी लिहिली होती. दोन कागद. छापायला दिली, कारण टपाल तपासतात आता." ते घड्याळाकडे बघायला लागले. "अंक रात्रीत निघायला हवा. तो सातला घरातून निघतो. माझा तास घ्यायचा म्हणतो, ऐकत नाही. मला ताप आहे ना." त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला, आणि तो गार लागला असावा, कारण ते घाबरले. "गेली ना चिठ्ठी? कुणी सांगितलं ना त्याला?"

मार्सेलिनोनं नखाखालची शाई बघितली. ओफेलिया टेबलाच्या लाकडात बघत होती. पंखा वसुधाकडे वळला. कालच पोचली, डॉन एलिसेओ, काळजी नका करू. वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर, कॅसेटमधल्या वाक्यांइतकं गुळगुळीत. ते म्हटलं की त्यांचा हात उठेल, टेबलावर वाजेल, अंक निघेल, ते संपादक राहतील. आणि उद्या सकाळी सात वाजता ते अंथरुणात उठून बसतील आणि पुन्हा विचारतील, आणि परवा, आणि ती रोज म्हणत राहील, पोचली, पोचली. तिला लायब्ररीतला ॲटलस दिसला. एकाच पानावर चार महिने थांबलेला माणूस, आणि कपाटामागे कॅसेटचा डबा छातीशी धरलेली बाई, जी नुसतं पुढे होऊन शेजारच्या खुर्चीत बसली असती तरी पुरे झालं असतं. तेव्हा तिला ती माया वाटली होती. ती बसली नाही म्हणून तो तिथे एकटा होता.

तिनं पर्स उघडली. घडी घातलेले दोन कागद काढून टेबलावर ठेवले आणि हातानं सपाट केले. "मी नाही दिली ती," ती म्हणाली. "माझ्याकडेच आहे. आणि हे आत्ता वाचलं ते मी लिहिलंय. दोन वर्षं मीच लिहितेय, डॉन एलिसेओ."

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते फक्त कागदांकडे बघत राहिले. "पण मग," ते म्हणाले, "तो जाईल ना."

ओफेलियानं कागद ओढून घेतले. तिनं ते याआधी पाहिले नव्हते. चष्मा कपाळावरून खाली आणून ती वाचू लागली, हळू, बोट ओळीखाली सरकवत, आणि तिच्या स्वतःच्या नावापाशी ते बोट थांबलं. खाली रस्त्यावर आइस्क्रीमची गाडी घंटा वाजवत गेली. मार्सेलिनो उठायला लागला, बहुधा पाणी आणायला, आणि ओफेलियानं न बघता त्याला हातानं बसवलं. मग तिनं दुसरा कागद वाचला, तीनही कोट वाचले, चष्मा काढून बाजूला ठेवला, आणि खुर्ची डॉन एलिसेओंच्या इतकी जवळ ओढली की दोघांचे गुडघे टेकले. त्यांचा तो उपडा हात तिनं उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"एलिसेओ," ती म्हणाली, "अन्सेल्मो शाळेत गेला. कोट न घेता गेला. त्यांनी त्याला मारून टाकलं. माझा नवरा मेलाय, एलिसेओ."